बाहेरून बसवलेलं

हेडक्लार्कांनी गाडी घेतली तेव्हा तिला फक्त एक स्टीअरिंग कव्हर घालायचं ठरवलं होतं. पण कव्हर बसवणाऱ्या मेकॅनिकने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळहळत म्हणाला, "साहेब, एवढी देखणी गाडी आणि चाकं असली?"

झालं. चाकं बदलली. चाकांना शोभतील असे दिवे आले, दिव्यांना शोभेल असा मागे पंखासारखा स्पॉयलर आला (गाडी ऑफिसपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच जायची, तो भाग वेगळा), आणि डिकीत असा स्पीकर आला की भाजीची पिशवी ठेवायला जागा उरली नाही.

"हे सगळं कुठून आलं?" बायकोने विचारलं.

"गाडीबरोबर फुकट," हेडक्लार्क म्हणाले. दुसरं काय म्हणणार? स्वयंपाकघरातलं सिंक गळत होतं आणि प्लंबरला बोलवायची सध्या ऐपत नाही, असं त्यांनीच तिला ऐकवलं होतं.

मग एका दुपारी ऑफिसच्या आवाराची भिंत कोसळली, ती नेमकी गाडीवर. हेडक्लार्क आत टेबलाशी डुलकी काढत होते म्हणून वाचले. गाडीचा पार चेंदामेंदा झाला.

विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहून घरी आला. "टोटल लॉस. गाडीचे पैसे मिळतील. चाकं, दिवे, स्पॉयलर, स्पीकर यांचे नाहीत."

हेडक्लार्कांची कानशिलं तापली. "का नाही? भिंतीने काय स्पीकर तेवढा वगळून गाडी चेपली?"

"बाहेरून बसवलेल्या वस्तू आम्हाला कळवाव्या लागतात. त्यांचा हप्ता वेगळा पडतो."

"गाडी माझी, हौस माझी. तुम्हाला कशाला कळवू?"

"तेच म्हणतोय. हौस तुमची. आमची नाही."

"हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. मी कोर्टात खेचीन तुम्हाला."

बायको चहा घेऊन आली होती. नवऱ्यावर अन्याय होतोय हे पाहून तिलाही राहवेना. "अहो भाऊ, बाहेरून कुठलं? ते सगळं गाडीबरोबरच आलं होतं."

सर्व्हेअरने मिटलेलं पेन पुन्हा उघडलं. "तसं असेल तर पैसे मिळतील. शोरूमला एक फोन करून विचारतो."

"फोन नको," हेडक्लार्क म्हणाले.

"विचारू दे की त्यांना," बायको म्हणाली. "आपण खरे आहोत, मग भ्यायचं कशाला?"

सिंकखालच्या बादलीतली टपटप बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येत होती.

"बाहेरूनच बसवलं," हेडक्लार्क कपबशीकडे बघत म्हणाले.

"विकत?" बायकोने विचारलं.

"थोडंफार."

"थोडंफार म्हणजे किती?"

सर्व्हेअर अर्धा चहा तसाच टाकून उठला.

पुढे कितीतरी दिवस हेडक्लार्क विमा कंपनीला शिव्या घालत घरभर फिरले, पण ऐकायला कोणी नव्हतं. शेवटी चेपलेली चाकं आणि फाटका स्पीकर घेऊन ते त्याच मेकॅनिककडे गेले. "साहेब, असला माल हल्ली कोण घेतं?" असं म्हणत त्याने हातावर जे टेकवलं, त्यात प्लंबर तेवढा आला.

नवी गाडी बायकोने घेतली, स्वतःच्या नावावर, आणि चालवायलाही तीच बसली. विमा एजंटाने गाडी पाहिली आणि विचारलं, "बाहेरून काही बसवलंय का, वहिनी?"

तिने मागच्या सीटकडे एक नजर टाकली. तिथे हेडक्लार्क बसले होते.

"एवढंच," ती म्हणाली. "पण ते केव्हाही काढता येतं."