एका पानावरचे महिपत

एका जंगलात, मुलांनो, सगळे समान होते. तसा तिथल्या सिंहाचा हुकूमच होता.

हुकूम असा, की जंगलाच्या नोंदवहीत कुणाची जात लिहायची नाही. कोण हरीण, कोण लांडगा, कोण घूस, हे वहीत येता कामा नये. फक्त नाव लिहायचं. हुकूम ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरणांनी जरा जास्तच वाजवल्या. त्याच संध्याकाळी लांडग्याने एक हरीण खाल्लं, पण ते काम वहीबाहेरचं होतं.

ही वही सातभाईंच्या ताब्यात होती. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे पक्षी, नेहमी सात-सातच्या टोळीने फिरतात आणि सातही जण एकदम बोलतात. समिती नेमायचा त्रासच नव्हता, ती जन्मतःच तयार होती. सातभाईंनी वहीत एका नावाला एक पान दिलं. कुणी काही काम केलं, की त्या नावाच्या पानावर एक ओळ चढायची. सोपी, सुटसुटीत पद्धत.

आता त्या जंगलात महिपत नावाचे चौघे होते. तुमच्या वर्गात नाहीत का एका नावाचे तिघे-चौघे? तसंच. पण तुमच्या बाईंना तुम्ही वेगवेगळे दिसता. वहीला दिसत नव्हते.

पहिला महिपत अस्वल. कडुलिंबाच्या धुराने मधमाश्या उठवायच्या आणि डंख न खाता मध काढायचा, ही युक्ती त्याची. तो पुढे दुसऱ्या जंगलात निघून गेला. दुसरा महिपत घोरपड. त्याने बारा वर्षं उत्तरेच्या कड्यावर पहारा केला आणि वणवा दिसताच शेपटीने वाळका बांबू बडवायचा, असा इशारा शोधून काढला. एका वणव्यात इशारा देता देताच तो बिचारा गेला.

तिसरा महिपत साळिंदर. आपली गोष्ट याचीच आहे. जंगलाच्या मधोमध एक खोल घळ होती. अलीकडे घरं, पलीकडे मोहाची झाडं आणि हिरवं गवत. साळिंदराने त्या घळीवर वेलींचा पूल बांधला. वेली बांबूच्या खुंट्यांना बांधलेल्या आणि प्रत्येक खुंटीत आपल्या पाठीचा एक काटा आडवा अडकवलेला. त्यामुळे खुंटी निसटत नसे. दरवर्षी आठ दिवस पूल बंद ठेवून तो जुन्या खुंट्या काढायचा आणि नव्या ठोकायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला त्याशिवाय झोप लागत नसे.

चौथा महिपत बगळा. हा तळ्यात एका पायावर उभा असायचा. बस्स, एवढंच.

एकदा शेजारच्या जंगलातून बातमी आली, की तिथे एका माकडाला 'थोर संशोधक' म्हणून गौरवलं. आपल्या सिंहाला त्या रात्री अन्न गोड लागेना.

"आपल्याकडे थोर संशोधक नाही?" त्याने सकाळी विचारलं.

"आहे, आहे, आहे!" सातभाई एकदम म्हणाले. त्यांनी वही उघडली. महिपतचं पान वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं. मधाचा धूर. वणव्याचा इशारा. घळीवरचा पूल. बारा वर्षं कड्यावर पहारा, आणि त्याच बारा वर्षांत पुलाची देखभाल. मध्यंतरी एकदा निधन.

"आणि निधनानंतरही काम चालू आहे!" थोरला सातभाई गहिवरून म्हणाला. "महाराज, या माणसाने मरणाचं निमित्त करून एक दिवस सुट्टी घेतलेली नाही."

सातही जण महिपतला शोधायला निघाले. तळ्याकाठी त्यांना बगळा दिसला. पांढराशुभ्र, डोळे मिटलेले, मान किंचित खाली. थोर संशोधक कसा दिसावा, तसाच तो दिसत होता.

"नाव काय आपलं?"

"महिपत," बगळा म्हणाला.

"पूल आपणच बांधलात ना?"

"मी? नाही हो. मी इथे फक्त उभा असतो. मासा येईपर्यंत."

सातभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. "केवढा हा विनय!" ते म्हणाले, आणि वहीत आणखी एक ओळ वाढली.

बगळ्याचा सत्कार झाला. शाल म्हणून केळीचं पान, श्रीफळ म्हणून कवठ. परिचय वाचायला एक तास लागला. पहिल्या सत्काराला बगळा अवघडून बसला होता. दुसऱ्याला त्याने मान डोलावली. तिसऱ्याला तो स्वतःच उठून म्हणाला, "पुलाच्या वेळी फार हाल झाले. पण त्याबद्दल मी कधी बोलत नाही." मग तो त्याबद्दल तासभर बोलला.

सिंहाने खूश होऊन दोन हुकूम काढले. पहिला: थोर पुरुषाचा मान राहावा, म्हणून जंगलात आणखी कुणी महिपत असेल, तर त्याने ताबडतोब नाव बदलावं. दुसरा: नव्या पिढीला प्रेरणा मिळावी, म्हणून नव्याने जन्मणाऱ्या बाळांचं नाव हौसेने महिपत ठेवावं.

हे दोन्ही हुकूम एकाच सकाळी निघाले. कुणालाही काही खटकलं नाही. राजाच्या हुकुमात असं असतं, मुलांनो, तुम्ही मध्ये बोलू नका.

साळिंदराला या कशाचाच पत्ता नव्हता. तो पुलाखाली लोंबकळत होता. या वर्षी खुंट्या लवकर कुजल्या होत्या. सातव्या खुंटीला त्याने नुसतं बोट लावलं, तर ती दातासारखी हलली. आणि पौर्णिमेला गव्यांचा कळप पलीकडे जायचा होता. पन्नास गवे, त्यात वासरं. खाली खडक. साळिंदर धावतच सातभाईंच्या नोंदणी कचेरीत गेला.

"पूल आठ दिवस बंद ठेवायचा आहे. खुंट्या बदलायच्यात," तो धापा टाकत म्हणाला.

"यंदापासून ज्याचं काम, त्याचाच अर्ज लागतो," थोरला सातभाई म्हणाला. "पूल महिपतरावांचा आहे."

"मीच महिपत."

सातही जण एकदम ओरडले. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन फिरतोस? हुकूम वाचला नाहीस? लाज कशी वाटत नाही? आरडाओरडा निवल्यावर त्यांनी साळिंदराला शिल्लक नावांची यादी दिली. त्यातल्या त्यात बरं म्हणून त्याने 'गेनू' घेतलं. घरात काही फरक पडला नाही. त्याची बायको तानूबाई त्याला 'अहो'च म्हणायची.

वहीत मात्र फरक पडला. गेनूचं पान कोरं होतं.

"बरं, मी गेनू म्हणून अर्ज करतो," साळिंदर म्हणाला.

"अनुभव?" सातभाईंनी पान उलटसुलट करून पाहिलं. "काहीच नाही की! या वयात?"

मग साळिंदर तळ्यावर गेला. बगळा म्हणाला तर काम होईल, असं त्याला वाटलं.

"महिपतराव, पूल पडणार आहे. फक्त एक अर्ज करा. बाकी सगळं मी बघतो."

"माझा पूल?" बगळा हसला. "बाबा रे, तो मी असा बांधलाय, की शंभर वर्षं हलायचा नाही."

"कशाने बांधलात?"

बगळ्याने थोडा विचार केला. "निष्ठेने," तो म्हणाला. "तुम्ही पुलाचे चाहते दिसता. हे घ्या, आठवण म्हणून ठेवा." आणि त्याने आपलं एक पीस साळिंदराच्या हातात दिलं.

पीस घेऊन साळिंदर घरी आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. "आपलं नाव गेलं, त्याचं मला काही नाही गं," तो बायकोला म्हणाला. "पण ती वासरं पडतील. आणि मला आधीपासून ठाऊक होतं, हे मला कसं सहन होणार?"

तानूबाईला दिवस भरत आले होते. ती म्हणाली, "अहो, आधी मला दोन कंदमुळं आणून द्या. उपाशीपोटी मला सुचत नाही."

त्याने आणून दिली. तिला काही सुचलं नाही, पण दुसऱ्या दिवशी बाळ झालं. गुबगुबीत, मऊ काट्यांचं. बाळाला दूध पाजता पाजता तिला सुचलं.

"अहो," ती म्हणाली, "बारसं उरकून घेऊ या."

"अगं, बारा दिवस तरी होऊ देत."

"बारा दिवसांनी गव्यांचं सुतकच पाळायचं आहे. परवाच करू. आणि नाव मी ठेवणार."

तिसऱ्या दिवशी बारसं झालं. तानूबाईने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि पाहुण्यांना चार मोहाची फुलं देऊन वाटेला लावलं. लगेच साळिंदर बाळाला पाठीवर नव्हे, पोटाशी धरून कचेरीत हजर झाला. पाठीवर कसं धरणार, तुम्हीच सांगा.

"अर्जदाराचं नाव?" थोरल्या सातभाईने मान वर न करता विचारलं.

"महिपत."

"परत तेच!"

"मी नाही. हा. महाराजांच्या हुकुमाप्रमाणे हौसेने ठेवलंय."

सातभाई खाली वाकले. बाळाने जांभई दिली.

"वय?"

"तीन दिवस."

"अनुभव?" असं म्हणत थोरल्याने सवयीने वही उघडली. एका नावाला एक पान. तो वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. मधाचा धूर. वणव्याचा इशारा. घळीवरचा पूल. बारा वर्षं पहारा. एकदा निधन. कमालीचा विनय.

सातही भाऊ उभे राहिले. एकाने बसायला पाट पुढे केला.

"साहेब, आपण स्वतः कशाला तसदी घेतलीत? नुसता निरोप धाडला असता तरी चाललं असतं."

बाळ शिंकलं.

"नको म्हणतायत. स्वतः यायचीच सवय आहे त्यांना," साळिंदर म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, पण पौर्णिमा नऊ दिवसांवर आली होती.

पूल आठ दिवस बंद, असा शिक्का तिथल्या तिथे बसला. अर्जावर बाळाच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. मग थोरल्या सातभाईचं लक्ष साळिंदराकडे गेलं.

"तू कोण? गेनू ना? तू कशाला आलास?"

"मी यांचा मदतनीस."

"नशीब काढलंस. अनुभव नाही म्हणून गेल्या खेपेला हात हलवत गेलास. आता डोळे उघडे ठेव आणि यांच्याकडून शिकून घे."

"हो," साळिंदर म्हणाला. "बघतो शिकायला जमतं का."

आठ दिवस तो राबला. बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत झोपायचं, तानूबाई बांबू तासून द्यायची आणि साळिंदर पुलाखाली लोंबकळून खुंट्या ठोकायचा. पाठीचे काटे संपत आले. शेवटच्या खुंटीला तानूबाईने आपला काटा काढून दिला. कामाची चौकशी करायला सातभाई रोज यायचे. बाळ झोपलेलं पाहून ते कुजबुजत म्हणायचे, "चिंतन चाललंय," आणि पाय न वाजवता परत जायचे.

पौर्णिमेला गवे निघाले. पुढे म्हातारी गाय, मागे वासरं, त्यांच्या मागे धिप्पाड नर. पन्नासच्या पन्नास पलीकडे गेले. पुलाने साधा कुरकुर आवाजही केला नाही. साळिंदर झुडपात उभा राहून खूर मोजत होता. शेवटचं वासरू पलीकडच्या गवतात उडी मारून नाचू लागलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने शेजारच्या एका अनोळखी घुशीला मिठी मारली. घुशीला नंतर आठवडाभर लेप लावावा लागला.

त्या हंगामात जंगलात एकेचाळीस बाळं जन्मली. एकेचाळीसही महिपत. प्रत्येकाने डोळे उघडण्याआधीच पूल बांधला होता, वणवा ओळखला होता आणि एकदा मरूनही पाहिलं होतं. शेजारच्या जंगलाने ऐकून तोंडात बोट घातलं.

आणि साळिंदराचं काय झालं?

सातभाई काही अन्यायी नव्हते हं. केलेल्या कामाची नोंद ते हटकून करायचे. महिना सरता सरता थोरला सातभाई साळिंदराच्या घरी आला आणि गेनूचं पान त्याने अभिमानाने उघडून दाखवलं. कोऱ्या पानावर पहिली ओळ चढली होती: 'महिपतरावांच्या हाताखाली आठ दिवस. कामाची आवड आहे. मार्गदर्शन मिळाल्यास सुधारणा होईल.'

साळिंदराने ती ओळ तानूबाईला वाचून दाखवली. ती हसता हसता खाली बसली. ज्यांनी मार्गदर्शन केलं होतं ते महिपतराव त्या वेळी तिच्या मांडीवर, पायाचा अंगठा चोखत होते.

तात्पर्य: मोठी माणसं तुम्हाला सांगतील, की मुलांनो, काम करा, म्हणजे नाव होईल. त्यांचं ऐकू नका. काम कुणीतरी करतंच, त्याला त्याशिवाय झोप लागत नाही. तुम्ही फक्त बारशाच्या दिवशी कान टवकारून ठेवा, आणि नाव नीट ऐकून घेतलं, की खुशाल झोपा.