केसोबांच्या गाडीखालचं मीठ

एका जंगलात, बाळांनो, हिवाळ्यात इतका बर्फ पडायचा की सशांना आपापल्या बिळांवर पाट्या लावाव्या लागत. रस्ते गोठायचे. मग हत्तीसुद्धा घसरत घसरत थेट दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पोचायचा. म्हणून सिंहराजांच्या हुकमानं रस्त्यांवर पोत्यांनी मीठ टाकलं जाई. मिठानं बर्फ वितळायचा आणि राजांचा जयजयकार व्हायचा.

या जंगलात केसोबा अस्वल राहायचे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. पिकल्या जांभळाच्या रंगाची. सकाळी उठले की केसोबा आधी गाडीची विचारपूस करायचे, मग बायकोची. कधी कधी बायकोची राहून जायची.

त्या वर्षी पहिला बर्फ पडला आणि शेजारचे रंगराव कोल्हे कुंपणाशी आले. रंगरावांकडे गाडी नव्हती. त्यामुळे त्यांना गाड्यांबद्दल सगळं माहीत होतं.

"मास्तर, गाडी खालून पाहिलीत का कधी?"

"खालून? खालून काय पाहायचं?"

"रस्त्यावरचं मीठ चिकटलंय सगळं. ओलं मीठ पत्रा खातं, मास्तर. वाळवी परवडली. वरून नवरी आणि खालून चाळणी, अशी गत होते. पण काढताना जपून हं. रंगाला ओरखडा पडला, तर मिठाला आयतं दार उघडं!"

केसोबा घरात धावले. त्यांची बायको भामाबाई आमटी ढवळत होती.

"अहो, मग पाणी मारा की," भामाबाई म्हणाली. "मीठ ते. पाण्यात विरघळतं. मी रोज या पातेल्यात बघते."

"भामा, हे स्वयंपाकघर नाही. हे रसायनशास्त्र आहे."

केसोबांना गणित यायचं, बाळांनो. रसायनशास्त्राबद्दल त्यांना नुसता आदर होता.

दुसऱ्या दिवसापासून केसोबा चटई टाकून गाडीखाली उताणे झाले. आधी कोमट पाण्यानं भिजवलेला मऊ पंचा फिरवला. पाणी फार गरम नाही ना, हे कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला पाहतात तसं. मीठ गेलं. पण इतक्या सहज गेलं, म्हणून केसोबांना ते गेल्यासारखं वाटेना. मग त्यांनी राख आणली. मग लिंबू. मग काथ्या. शेवटी तारेचा ब्रश.

"रंगाला धक्का लागता कामा नये," असं पुटपुटत ते खराखरा घासत. त्यांच्या नाकावर जांभळे पापुद्रे पडत.

"भामा, बघ! मळ निघतोय!"

भामाबाईनं वाकून एक पापुद्रा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, "अहो, मळ इतका चकचकीत नसतो."

केसोबांनी ऐकलं नाही. ब्रशचा आवाज फार होता.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी खिंडीपलीकडून निरोप आला. त्यांची लेक सुगंधा बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि गुरुवारी बारसं होतं. भामाबाईनं डोळे पुसले आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले.

"खिंडीतून जाणं अवघड आहे," केसोबा हळूच म्हणाले.

"का? रस्ता मोकळा आहे ना?"

"मोकळा आहे म्हणूनच. बोटभर जाडीचं मीठ टाकलंय. वसंतात जाऊ. बाळ काय, तोवर आणखी गोड होईल."

"बारसं वसंतात करायचं? तोवर पोरीला काय, 'अहो' म्हणून हाक मारायची?"

"भामा, जरा गाडीचा विचार कर."

भामाबाईनं लाडवांच्या डब्याचं झाकण थाडकन लावलं. हे वाईट लक्षण होतं. गुरुवारी सकाळी तिनं लाडवांचा डबा काखेत मारला आणि गंगी शेळीच्या घसरगाडीत जाऊन बसली. "जेवण झाकून ठेवलंय," एवढं म्हणाली आणि गेली.

केसोबांनी गाडी पुसली. गाडी चमकली. आज मात्र मजा आली नाही. ते आत जाऊन बसले. शेजारची जागा रिकामी होती. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना घोकवलं होतं. आणि आज त्यांनीच गाडीतून नात वजा करायचं ठरवलं होतं. कुठल्याही पोरानं असं गणित मांडलं असतं, तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

त्यांनी गाडी सुरू केली.

खिंडभर मिठाचे खडे खालून तडतडत होते. प्रत्येक खड्याला केसोबा "आई गं!" म्हणत होते. पण थांबले नाहीत.

पोचले तेव्हा पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. भामाबाईनं वर पाहिलं.

"आलात? पाय पुसून या."

मग सुगंधानं मऊ, काळं, डोळे मिटलेलं गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं. त्यानं केसोबांचं बोट धरलं. केसोबांनी वाकून विचारलं,

"नाव काय ठेवलंत?"

"लावण्या."

"पण त्यात लवण आहे!" केसोबा दचकून म्हणाले.

"अहो!" भामाबाई म्हणाली.

घुगऱ्या आणि लाडू खाऊन केसोबा बाहेर आले आणि जागीच खिळले. गाडीखालून नुसते पाय दिसत होते. शेळ्यांचे, भेकरांचे, एका नीलगाईचे. हिवाळ्यात मिठाला पारखी झालेली ही मंडळी उताणी पडून गाडी चाटत होती.

"झकास आहे हो, मास्तर!" गंगी शेळी आतून म्हणाली.

केसोबा घाईनं ओणवे झाले. मिठाचा कणसुद्धा उरला नव्हता. पण पत्रा मात्र उघडा पडला होता.

"माझा रंग! तुम्ही रंगसुद्धा खाल्लात?"

"छे हो. आमच्या जिभेनं कुठं रंग जातो? आम्ही आलो तेव्हाच तो नव्हता. कुणीतरी तारेनं घासलाय बघा. कोण हो तो गाढव?"

बाहेर उभं असलेलं गाढव दुखावलं. केसोबांनी त्याची माफी मागितली.

"गाढव नव्हे, गंगाबाई. अस्वल होतं. मिठाला दहा वर्षं लागली असती, ते काम त्यानं दहा दिवसांत उरकलं." आणि ते इतके हसले की लाडू ठसक्यानं बाहेर आला.

घरी परतल्यावर गाडीवाले प्राणी त्यांच्या दारी रांग लावू लागले. दहा दिवस गाडीखाली काढलेला दुसरा जाणकार जंगलात नव्हता.

"साधं पाणी मारा. आठवड्यातून एकदा. घासू नका," केसोबा सांगायचे.

प्राणी एकमेकांकडं पाहायचे. "मास्तर खरं सांगत नाहीत," म्हणत निघून जायचे आणि वाटेत तारेचा ब्रश विकत घ्यायचे.

तेव्हा एके दिवशी केसोबांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि तरसाला म्हणाले, "साप्ताहिक जलमाध्यमी अघर्षण लवणविलयन."

तरसानं ते वहीत उतरवून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि घरी जाऊन गाडीखाली साधं पाणी मारलं.

"काय सांगितलंत त्याला?" भामाबाईनं आतून विचारलं.

"तुझंच," केसोबा म्हणाले. "पण त्याला सोपं वाटणार नाही असं."

तात्पर्य : बायकोचा सल्ला नेहमी ऐकावा, मात्र तिनं तो अवघड शब्दांत द्यावा. (गोष्ट सांगणाऱ्याच्या गाडीखाली कृपया कुणी वाकून पाहू नये.)