चारशे सतरा नंबरचं हृदय

थवतने त्या शनिवारी वाटीभर चिंच भिजत घातली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बायको रडत होती, आणि बायको रडायला लागली की थवतला काहीतरी घासायला घ्यायची सवय होती. (सासूबाई आजारी असताना त्याने घरातले सगळे नळ घासले होते. सासूबाई बऱ्या झाल्या. नळ मात्र तेव्हापासून गळतात.)

ओरापिन रडत होती ती टीव्हीवरच्या मालिकेपायी. मेक आणि तुन, इंजिनिअरिंगला एका खोलीत राहणारे दोन मित्र, आठ भाग नुसते भांडत होते. नवव्या भागात मेकने गळ्यातला गिअर काढला आणि काही न बोलता तुनच्या गळ्यात घातला. त्यासरशी ओरापिनचा मोबाइल इतका थरथरला की टेबलावरून खाली पडला. तिच्या ग्रुपमध्ये थायलंडमधल्या लाम्फून गावच्या एकोणीस बायका होत्या, सगळ्या पन्नाशीच्या आगेमागे, आणि सगळ्या स्वतःला मेक-तुनच्या आया म्हणवून घेत.

"पी, बघितलंत? दिला त्याने! गिअर दिला!" ओरापिन ओरडली. ('पी' म्हणजे त्यांच्याकडचं 'अहो'.)

"बघितलं."

"नुसतं बघितलं काय म्हणता! कसा दिला!"

थवतने मान हलवली. गिअरचं महत्त्व त्याला सांगायला नको होतं. तोही इंजिनिअरिंगचाच. पहिल्या वर्षी सिनिअर पोरं महिनाभर उन्हात उभं करून प्रत्येकाला स्वतःचा नंबर घसा फुटेपर्यंत ओरडायला लावतात, आणि मग ते दातेरी पितळी चाक गळ्यात पडतं. मागे आपला नंबर कोरलेला असतो. ते चाक सगळ्यांना दाखवायचं, पण द्यायचं एकालाच. ज्याला गिअर दिला त्याच्याकडे हृदय गेलं, असा कॉलेजात कायदाच होता. थवतने सत्तावीस वर्षांपूर्वी तो ओरापिनला दिला होता, ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यावर. त्यानंतर आयुष्यात आणखी काही रोमँटिक करायची गरज त्याला वाटली नव्हती.

"मी ग्रुपवर लिहिलं," ओरापिन डोळे पुसत म्हणाली, "की माझ्याकडेही आहे. आता सगळ्या फोटो मागतायत."

तिने बुद्धाच्या तसबिरीखालचा डबा उघडून गिअर काढला. तो इतका काळा पडला होता, की फोटो पाठवला असता तर बायकांनी बिस्किट जळालं का म्हणून विचारलं असतं.

"आण इकडे," थवत म्हणाला. "असा चकाचक करतो की त्या मेकने तोंडात बोट घालावं."

आणि त्याने चिंच भिजवली.

पाऊण तास घासल्यावर पितळ सोन्यासारखं लखलखलं. थवतने तो गिअर बायकोच्या तळहातावर ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला. ओरापिनने चष्मा लावला. उलटवून पाहिलं.

"पी, तुमचा नंबर काय हो?"

"चारशे सतरा!" थवत ओरडला. अगदी छाती काढून. महिनाभर उन्हात ओरडलेला नंबर माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

"यावर चारशे एकाहत्तर आहे."

थवतने चष्मा काढला, पुसला, घातला. चारशे एकाहत्तर. त्याने गिअर उलटा धरून पाहिला, उजेडात धरून पाहिला. लाम्फूनच्या पाणीपुरवठा कार्यालयात तो मीटर विभागाचा प्रमुख होता. अख्ख्या गावाच्या मीटरचे नंबर तपासून लोकांच्या चुका काढणं हेच त्याचं काम. आणि स्वतःच्या हृदयाचा नंबर मात्र त्याने एकदाही तपासला नव्हता.

"कोरणाऱ्याने आकडे उलटसुलट केले असतील," तो म्हणाला.

"चारशे एकाहत्तर कोण होतं?"

ते त्याला चांगलंच आठवत होतं. शेजारच्या खाटेवर चार वर्षं घोरणारा विरोत.

ओरापिनने आदळआपट केली नाही. ती शांतपणे बसली आणि म्हणाली, "म्हणजे सत्तावीस वर्षं मी परक्या पुरुषाचं हृदय डब्यात जपलं. वर रोज उदबत्ती ओवाळली. आणि तुमचं कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही. हो ना, खुन थवत?"

'खुन' ऐकल्यावर थवतचं धाबं दणाणलं. लग्नापासून ती त्याला 'पी'च म्हणत आली होती. 'खुन' ती बँकेतल्या साहेबाला म्हणायची.

"चूक झाली असेल गं. अदलाबदल."

"गिअरची होते अदलाबदल? चपला आहेत का त्या, देवळाबाहेरच्या?" तिने गिअर टेबलावर ठेवला. "मला फोटो नको. ग्रुपही गेला खड्ड्यात. मला माझा गिअर हवा. जो मला दिला असं मी इतकी वर्षं समजत होते, तो."

थवतला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. घासण्यासारखं घरात आता काही उरलंही नव्हतं.

बुधवारी तो रजा टाकून चिआंग माईला गेला. विरोत तिथे पाण्याचे पंप विकायचा. त्याने दुकानाजवळच्या कॉफीच्या हॉटेलात बोलावलं होतं. आत गर्दी बरीच. वीसेक मुली भिंतीला लागून रांगेत उभ्या होत्या आणि कोपऱ्यातलं खिडकीजवळचं टेबल मात्र रिकामं होतं. थवत-विरोत सरळ जाऊन तिथे बसले. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या, पण बापाच्या वयाच्या माणसांना ऊठ कसं म्हणणार? एकीने तर दोघांना हात जोडून नमस्कार केला. (मेकने तुनला गिअर दिला तो याच टेबलावर, आणि तिथे बसून फोटो काढायला त्या मुली दोन तास ताटकळल्या होत्या, हे या दोघांना कोण सांगणार?)

"आणलास?" थवतने विचारलं.

"आणला ना," असं म्हणून विरोतने खिशातून एक लाल पट्टा काढला. पट्ट्याला गिअर होता. गिअरशेजारी घुंगरू होतं.

"हे काय?"

"कुत्र्याचा पट्टा."

"माझं हृदय तू कुत्र्याच्या गळ्यात बांधलंस?"

"मी नाही, बायकोने. ती म्हणाली, या चाकाने गळा हिरवा होतो. मग दिलं कुत्र्याला. तो गेला, मग दुसऱ्याला. आताचा तिसरा. वंशपरंपरेने आलंय हृदय, लेका! काढताना किती रडला बिचारा."

"पण तुझ्याकडे आलंच कसं?"

विरोतने कपाळावर हात मारला. "ए गाढवा, विसरलास? तालीम!"

आणि थवतला लख्ख आठवलं. दोघांनाही एकाच दिवशी आपापल्या मुलींना गिअर द्यायचा होता आणि दोघांचीही बोबडी वळली होती. म्हणून आदल्या संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत त्यांनी तालीम केली. एकदा विरोत मुलगी झाला, एकदा थवत. गिअर इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटची फेरी कुणाची होती हे कुणीच मोजलं नाही.

"किती वेळा केली रे आपण?" थवतने विचारलं.

"तुझ्या अकरा झाल्या. मला पाठ झालं होतं तुझं भाषण. मी झोपेत बोलायचो म्हणे. आठवतंय का तुला तरी?"

थवतला आठवत होतं. त्याने विरोतकडे बघून, हळू आवाजात, सत्तावीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य म्हणून दाखवलं. "हे तुझ्याजवळ ठेव. हरवू नकोस. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही."

विरोतच्या डोळ्यांत पाणी आलं. (समोर तिखट सूप होतं. पण ते लांबून कुणाला दिसणार?)

"आण, तुझ्या गळ्यातच बांधतो," तो म्हणाला. "तू वाटेत हरवशील." आणि उभा राहून, वाकून, त्याने तो लाल पट्टा थवतच्या गळ्यात बांधला. घुंगरू वाजलं. थवतने खिशातला चारशे एकाहत्तर काढून विरोतच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

भिंतीशी उभ्या असलेल्या वीस मुलींच्या तोंडून एकाच वेळी असा काही चीत्कार निघाला, की थवतला वाटलं पाल पडली. त्याने पायही वर घेतले.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग होता. कुणी गेलं की काय? आत पाऊल टाकलं आणि गळ्यातलं घुंगरू वाजलं. (पट्टा काढायचा राहून गेला होता. बसमध्ये लोक का हसत होते ते त्याला आत्ता कळलं.) खोलीतल्या एकोणीस बायका एकदम वळल्या आणि किंचाळल्या.

"घातलाय! अजून घातलाय त्याने!"

शेजारच्या दुआंग मावशींनी छातीवर हात ठेवला. "सत्तावीस वर्षांनी भेटले गं! आणि त्याच टेबलावर!"

कुणीतरी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर तो स्वतः होता, खिडकीतून येणाऱ्या सोनेरी उन्हात, डोळे खाली. मागे कुणीतरी हळुवार संगीतही टाकलं होतं, आणि खाली त्याचं 'हे तुझ्याजवळ ठेव' हे अख्खं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. दुपारपासून चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला होता. घुंगराचे लाल पट्टे कुठे मिळतात, अशी खाली विचारणा चालू होती.

ओरापिन मात्र हसत नव्हती. ती कोपऱ्यातून उठून समोर आली.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "जिन्यावर मला म्हणाला होतात. शब्दन् शब्द. मला वाटायचं ते तेव्हा तुम्हाला सुचलं. ते आधी त्याला म्हणून झालं होतं?"

थवत खोटं बोलायला कधीच तयार नसायचा, म्हणजे त्याची तेवढी तयारीच नसायची. "हो," तो म्हणाला. "अकरा वेळा."

"अकरा!"

"तू नाही म्हणशील अशी भीती वाटत होती गं. तू हुशार, देखणी. मी कोण? गणिताच्या पेपरालासुद्धा मी इतका अभ्यास केला नाही. बाराव्यांदा तुला म्हणालो तेव्हा हातात कुणाचा नंबर आहे ते बघायला डोळे कुठे होते जागेवर?"

त्याने पट्टा काढायचा प्रयत्न केला. बकल अडकलं. ओरापिनने पुढे होऊन ते सोडवलं, गिअर उजेडात धरला आणि नंबर वाचला. चारशे सतरा. मग तिने तो पट्टा, घुंगरासकट, स्वतःच्या गळ्यात बांधला. तिचे डोळे भरून आले होते.

"कुत्र्याचा वास येतोय," ती म्हणाली.

"धुतो."

"नका धुऊ. तुम्ही काहीही घासायला घेऊ नका." आणि मग, हळूच, "पी."

थवतचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद त्याला जिन्यावरही झाला नव्हता. त्याने बायकांकडे अभिमानाने पाहिलं, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काढा आता फोटो. ग्रुपवर टाका."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीच मोबाइल उचलला नाही.

"पी," ओरापिन त्याचा हात खांद्यावरून अलगद खाली ठेवत म्हणाली, "शनिवारी विरोतला बोलवा ना. दहावा भाग बघायला तुम्हा दोघांना पुढे सोफ्यावर बसवायचं ठरलंय. मी मागे सतरंजीवर बसेन."

"आणि आपला फोटो?"

"मघाशी टाकला होता मी, लग्नातला," ती जरा चाचरत म्हणाली. "सगळ्यांनी बघितला. छान आहे म्हणाल्या. पण तुमच्या-माझ्यात केमिस्ट्री नाही म्हणे."