सॅमसनसाहेबांची अर्धी रजा

सॅमसनसाहेबांच्या अर्ध्या रजेच्या अर्जावर कारण नेहमी एकच असतं: 'हजर राहणे'. कुठे, कशासाठी, काही नाही. रजा मंजूर करायचं काम माझ्याकडे, त्यामुळे ही डोकेदुखीही माझीच.

गंमत म्हणजे, आमच्या पनवेलच्या औषधवितरण कंपनीत कोणाला हजर राहायची गरजच उरू नये, ही व्यवस्था याच गृहस्थांनी केली. पूर्वी सगळ्या शाखांच्या कॉम्प्युटरच्या लाइनी मुख्य ऑफिसातून जायच्या. इथलं मशीन रुसलं की पेणपासून रत्नागिरीपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसायचे. साहेबांनी सगळं क्लाउडवर नेलं. "मॅडम, पूर्वी महाडहून चिपळूणला जायला व्हाया पनवेल यावं लागायचं. आता थेट गाडी," असं त्यांनी सांगितलं आणि मला ते चक्क समजलं. आता आमची कामोठ्याची एक बाई बाळ मांडीवर घेऊन घरूनच ऑर्डरी घेते.

पण साहेबांचा स्वतःच्याच यंत्रणेवर विश्वास नाही. स्क्रीनवर सगळ्या शाखांपुढे हिरवे ठिपके असले, तरी रोज दहा वाजता एकेका शाखेला फोन.

"ठिपका दिसतोय. तुम्ही आहात का?"

"आहे की, साहेब."

"मग खिडकीतून काय दिसतं सांगा."

"भिंत."

साहेब समाधानाने फोन ठेवतात.

गेल्या महिन्यात अर्ज देताना म्हणाले, "उद्या वडिलांच्या नावाची प्रार्थना आहे. संध्याकाळी सिनेगॉगमध्ये या." साहेब बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. भाऊ, बहीण, चुलत घराणं, सगळे केव्हाच इस्रायलला गेले. इथे हे एकटे.

मी गेले तर साहेब पायरीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. बंद पडलेली चिपळूण शाखा त्यांनी तिथूनच पाच मिनिटांत सुरू केली. तरी चेहरा उतरलेला. त्यांना धरून पुरुष नऊच जमले होते. दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय वडिलांसाठीची ती प्रार्थना म्हणता येत नाही.

"भाऊ व्हिडिओवर येतील ना?" मी विचारलं.

"दिसेल. येणार नाही."

"मग मला धरा."

ते हसले. "मॅडम, तुम्ही दोन्हीकडून बाद. पण बसा."

शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी मला सांगितलं, की पेण, अलिबाग, रेवदंडा, कुठेही नऊच जमले की सॅमसनला फोन जातो आणि तो एसटी पकडतो. मला माझीच लाज वाटली. त्यांचे दोन अर्ज मी 'कारण अपुरे' म्हणून परत पाठवले होते.

साडेसहाला दाराशी रिक्षा थांबली. रेवदंड्याचे एक थकलेले आजोबा, रिक्षावाल्याचा हात धरून उतरले. "वडखळला गाडी अडकली रे," एवढंच म्हणाले आणि आत येऊन बसले.

प्रार्थना सुरू झाली. एरवी खणखणीत असलेला साहेबांचा आवाज कापत होता. माझेही डोळे भरून आले. आजोबा मात्र पाच मिनिटांत झोपी गेले आणि हळूहळू घोरायलाही लागले. शेजारचे गृहस्थ त्यांना हलवायला गेले, तर साहेबांनी प्रार्थना म्हणता म्हणताच त्या गृहस्थांचा हात धरून थांबवलं.

प्रार्थना संपल्यावर साहेब हलकेच म्हणाले, "झोपू देत. एवढ्या लांबून आलेत."