खोली तयार झाली की कळवतो

बहिणीच्या त्या पत्राला दादांनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं, आणि का दिलं नाही असं कुणी विचारलं की घरात भांडण होत असे.

पत्र सरळ होतं. नवरा गेल्यापासून बहीण दुसऱ्या गावी एकटी राहत होती आणि तिच्या घरमालकाने आता घर विकायला काढलं होतं. ‘ओळखीतल्या एका बाईंनी वयस्कर बायकांच्या वसतिगृहात माझ्यासाठी एक खोली धरून ठेवली आहे,’ तिने लिहिलं होतं. ‘ती घेऊ, की तुमच्याकडे राहायला येऊ? फोनवर विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणून बसतो, म्हणून लिहून विचारते आहे. तूही नीट विचार करून लिहूनच कळव.’

‘नीट विचार करून’ हे शब्द तिने दादांना लिहायला नको होते. दादांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. उद्या दूध नको एवढी चिठ्ठी दाराला लावायची, तरी त्यांना आधी कच्चा खर्डा लागे. त्यात हा तर आयुष्याचा प्रश्न.

त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पत्र हातात पडताक्षणी निकाल दिला होता.

“लिहा, ये म्हणून. आत्ता लिहा, भाजीला जाताना पेटीत टाकते.”

“असं कसं? तिला ठेवणार कुठे?”

“मागच्या खोलीत.”

“मागच्या खोलीत पुस्तकं आहेत.”

“मग हलवा.”

“तेच म्हणतोय मी! आधी खोली रिकामी करू, तिची नीट सोय करू, मग ताठ मानेने ये म्हणता येईल. नुसतं ये म्हणायला काय जातं?”

“काही जात नाही. म्हणूनच म्हणते, म्हणा.”

पण दादांनी बाह्या सरसावल्या होत्या. आयुष्यभर आपण कुणाच्या उपयोगी पडलो नाही, ही त्यांची जुनी खंत होती. आता पडायचंच, असं त्यांनी ठरवलं. आणि दादा उपयोगी पडायला निघाले की घरातल्यांच्या अंगावर काटा येत असे.

मागच्या खोलीतली पुस्तकं न्यायची कुठे, तर पॅसेजमध्ये. पॅसेजमध्ये मांडणी हवी. मांडणीच्या जागी कपड्यांचं कपाट होतं, ते स्वयंपाकघराच्या दाराशी आलं. तिथे फ्रीज होता, तो बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर गेला. टीव्ही वहिनींच्या पलंगावर गेला. वहिनी कुठे गेल्या याची चौकशी दादांनी केली नाही.

शिवाय पुस्तकं नुसती उचलून ठेवायची नव्हती. ती विषयवार लावायची होती. दादा पहाटे उठत, धूळ झटकत, गठ्ठे बांधत, बांधलेले गठ्ठे चुकले म्हणून सोडत. त्यांची कंबर धरली. बोटांना चिरा पडल्या. एवढं काम त्यांनी नोकरीतही केलं नव्हतं. एका सकाळी आंघोळीला जाताना वहिनी इतिहासाला अडखळून भूगोलावर पडल्या.

“पुरे!” त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. “मी तिला फोन करते.”

“तिने लिहूनच कळव म्हटलंय.”

“मग मी लिहिते!”

“तुझं पत्र गेलं तर तिला वाटेल, दादाच्या मनात नाही.”

“आणि कुणाचंच गेलं नाही तर काय वाटेल?”

दादांनी नवा गठ्ठा बांधायला घेतला. याचंही उत्तर त्यांना नीट विचार करून द्यायचं होतं.

खरं म्हणजे रोज संध्याकाळी ते लिहायला बसत. ‘तू ये’ असं लिहिलं की हुकूम केल्यासारखं वाटे. ‘आलीस तर बरं होईल’ म्हटलं तर उपकार मागितल्यासारखं. ‘खोली तयार झाली की कळवतो’ हे त्यातल्या त्यात बरं होतं, पण ते लिहायला खोली तयार होत आली असायला हवी होती. मग ते पेन खाली ठेवत आणि पुन्हा गठ्ठे उचलायला जात. उचलताना निदान कुणी आपल्याला आळशी म्हणणार नाही, एवढं समाधान असे. वहिनी त्यांना आळशी म्हणत नव्हत्या. दुसरं म्हणत होत्या, ते छापण्यासारखं नाही.

अखेर मांडणी ठोकायला सुतार आला. पॅसेजची भिंत त्याने बोटाने टकटक वाजवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“काका, ह्या भिंतीतून पाण्याची लाईन गेली असंल. जरा बाजूला घेऊ मांडणी.”

“बाजूला घेतली तर कोश मावणार नाहीत.”

“नाही मावले तर?”

“तर ते मागच्या खोलीत राहतील. तिथे राहिले तर खोली तयार होणार नाही. खोली तयार झाली नाही तर मी पत्र लिहू शकत नाही. पत्र गेलं नाही तर माझी बहीण वसतिगृहात जाईल. जाऊ दे का माझ्या बहिणीला वसतिगृहात?”

सुतार बिचारा चार फळ्या ठोकायला आला होता. कुणाच्या बहिणीला वसतिगृहात धाडायची त्याची इच्छा नव्हती. त्याने दादांनी दाखवलेल्या जागेवर ड्रिल लावलं.

पाणी प्रथम नम्रपणे आलं. भिंतीवर एक ओघळ आला, मग दुसरा. सुतार “आयला” म्हणाला आणि त्याने ड्रिल मागे ओढलं. त्याबरोबर भिंतीतून जो फवारा सुटला तो समोरच्या काव्यशास्त्रावर जाऊन आदळला.

“हात लाव! हात लाव!” दादा किंचाळले. सुताराने भोकावर तळहात दाबला. पाणी त्याच्या बोटांमधून पंख्यासारखं उडू लागलं. वहिनी बादली घेऊन धावल्या, बादली पुरेना म्हणून परात, परात पुरेना म्हणून नुसत्याच शिव्या. दादा मात्र पॅसेजमध्ये उभ्या उभ्या गोल फिरत होते. आधी काय वाचवायचं? कोश जड होते, पण मौल्यवान होते. मासिकांचे जुने अंक हलके होते, पण पुन्हा मिळणारे नव्हते. त्यांनी एक कोश उचलला, मन बदललं, तो पाण्यात ठेवला आणि मासिकं उचलली.

“अहो, काहीतरी करा!”

“करतोय ना! सकाळपासून बसलोय का मी?”

इतक्यात खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. निवृत्त झाले होते, पण आवाज झाला नव्हता.

“माझ्या छतातून धार लागली आहे! माझ्या टेबलावर कागद आहेत! हा काय प्रकार आहे? मला लेखी खुलासा पाहिजे! आत्ताच्या आत्ता लेखी!”

“लेखी मागू नका ह्यांच्याजवळ,” वहिनी म्हणाल्या. “जन्म जाईल तुमचा. ही धरा बादली.”

वकिलांच्या हातात बादली आली. ती घेतल्यावर ती ओतणं भाग होतं, आणि एकदा ओतली की दुसरी तयारच होती. पाच मिनिटांत त्या घरात चार माणसं जिवाच्या आकांताने राबत होती. वहिनी भरत होत्या, वकील ओतत होते, सुतार भिंत दाबत होता, दादा पुस्तकं एका ओल्या जागेवरून दुसऱ्या ओल्या जागी नेत होते. जो तो दुसऱ्यावर ओरडत होता आणि पाणी आपल्या गतीने येत होतं.

दार उघडंच होतं. त्या दारात बहीण उभी होती.

ती अनेक वर्षं इस्पितळात मुख्य परिचारिका होती. सगळे तिला मेट्रनबाई म्हणत आणि तिच्यासमोर डॉक्टरसुद्धा खिशातून हात बाहेर काढत. हातात एक लहानशी बॅग, पायात पाणी. तिने एकवार सगळ्यांकडे पाहिलं.

“मुख्य कॉक कुठाय?”

तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

“वहिनी, घरात येणारं पाणी बंद कुठून होतं?”

“संडासाच्या दाराशी,” वहिनी हळूच म्हणाल्या. “त्या गठ्ठ्यांच्या मागे.”

मेट्रनबाईंनी साडी वर खोचली, तत्त्वज्ञानाचा अख्खा गठ्ठा पायाने बाजूला लोटला, वाकून हात घातला आणि कॉक फिरवला. पाणी थांबलं. घरात एवढी शांतता पसरली की सुताराला भिंतीवरचा हात काढायचं भान राहिलं नाही.

“काढ रे हात. चिकटलाय का?” त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. “आणि तू.”

“तू... अशी अचानक?”

“अचानक? महिना होत आला पत्र टाकून! त्या वसतिगृहवाल्या बाईला आज सांगते, उद्या सांगते म्हणून किती वेळा थांबवलं मी. तिला तोंड दाखवायला जागा उरली नाही मला. शेवटी सोमवारपर्यंतची मुदत मागितली आणि म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर निदान तोंडावर म्हणून घेऊ, आणि जाऊ तिकडे कायमचं.”

“अगं, नाही कोण म्हणतंय? तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं! तुझी खोली तयार करतोय मी. रात्रंदिवस! हे बघ हात माझे!”

त्यांनी चिरा पडलेली बोटं पुढे केली. बहिणीने ती पाहिली. क्षणभर तिचा चेहरा हलला, पण राग मोठा होता.

“मी काय विचारलं होतं, दादा? येऊ का, असं विचारलं होतं. खोली आहे का, असं विचारलं होतं?”

“तेच मी म्हणत होते!” वहिनी कडाडल्या. “पहिल्या दिवसापासून!”

“तू थांब, वहिनी. तू फोन का नाही केलास?”

“ह्यांनी करू दिला नाही!”

“आणि तू ऐकलंस? तू? कधीपासून ऐकायला लागलीस त्याचं?”

वहिनी ओला पदर पिळू लागल्या. वकिलांना वाटलं, आता आपली पाळी.

“माझ्या छताचा जो प्रश्न आहे—”

“बसा!” मेट्रनबाई म्हणाल्या. वकील बसले. जिथे बसले तिथे व्याकरण होतं, आणि ते ओलं होतं.

दादांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मग आता आलीच आहेस तर... राहा ना.”

“आलीच आहेस तर? दादा, आलीच आहेस तर असं मांजराला म्हणतात! मी पत्रातून विचारलं, मला पत्रातून उत्तर पाहिजे. रात्रीच्या गाडीने मी परत चालले. सोमवारच्या आत तुझं उत्तर मिळालं तर मिळालं. नाही तर ती खोली घेतली मी.”

दादा टेबलाकडे वळले. टेबलावर फ्रीजचे ट्रे होते. ते कागद शोधू लागले, मग चांगलं पेन, मग पाकीट. बहिणीने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, पर्समधून एक पोस्टकार्ड काढलं, त्यावर स्वतःचा पत्ता लिहिला आणि कार्ड आणि पेन दोन्ही भावाच्या हातात कोंबलं.

“लिही. आणि मला दाखवू नकोस.”

दादा उभ्यानेच वहिनींच्या पलंगावरच्या टीव्हीवर कार्ड ठेवून वाकले. त्यांना पुष्कळ लिहायचं होतं. लहानपणापासूनचं सगळं. पण मागे चार माणसं श्वास रोखून उभी होती, बोटं दुखत होती आणि कार्डाचा एक कोपरा भिजला होता. त्यांनी एकच शब्द लिहिला आणि ते चपला न घालता जिना उतरले.

वकील मागोमाग होतेच. पहिल्या मजल्यावर त्यांनी दादांना गाठलं.

“लेखी खुलासा आहे ना? दाखवा.” त्यांनी कार्ड ओढून वाचलं. “‘ये’? माझं छत गळतंय आणि तुम्ही मला ये म्हणता? अरेतुरे करता? कुठे येऊ?”

“तुमच्यासाठी नाही ते!” दादा ओरडले आणि त्यांनी कार्ड हिसकावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते एका वकिलावर ओरडले होते, आणि आश्चर्य म्हणजे वकील बाजूला झाले.

पोस्टाची पेटी रस्त्यापलीकडे होती. दादा तिच्यापाशी पोहोचले, कार्ड फटीत घातलं आणि थांबले. एकच शब्द फार तुसडा तर वाटणार नाही? ‘लवकर’ तरी घालायला हवं होतं. की ‘आनंदाने’? त्यांनी कार्ड अर्धं बाहेर ओढलं.

“दादा!” वरच्या गॅलरीतून मेट्रनबाईंचा आवाज आला. रस्त्यावरची दोन-चार माणसं वर बघू लागली. शेजारी वहिनी उभ्या होत्या, पाठीमागून सुतार डोकावत होता. “तपासत उभा राहू नकोस तिथे! सोड ते!”

दादांनी बोटं सोडली. कार्ड आत पडलं.

“टाकलंस?”

“टाकलं!”

 मेट्रनबाईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मग त्या ओरडल्या, पण आवाज मघासारखा नव्हता. “काय लिहिलंस?”

दादांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्ता भरलेला होता. सायकलवाले होते, शाळा सुटलेली पोरं होती, दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं होती. चारचौघांत कधी मोठ्याने शिंकले नव्हते ते. त्यांनी अनवाणी पाय नीट रोवले, तोंडाभोवती हात धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडले,

“ये!”

दोन सायकलवाले थांबले.

“ओरडतोस कशाला?” वरून बहीण पदराने नाक पुसत खेकसली. “पोस्टाने येऊ दे!”