व्हायोलिन, जळकं पीस आणि मी

माझं नाव कॉर्नेलियस टूही. पोटासाठी मी गोदीत पोती उचलतो, पण तो तपशील झाला. मुळात मी डिटेक्टिव्ह. अख्ख्या चेरी स्ट्रीटवर माझ्याइतक्या बारीक नजरेचा माणूस नाही, हे मी स्वतः कसून चौकशी करून ठरवलं आहे. नुसत्या बुटांवरून माणूस कुठून आला ते मी सांगतो. कधीकधी तो भलतीकडूनच आलेला निघतो, पण त्याला माझा इलाज नाही.

लोकांचा माझ्यावर विश्वासही दांडगा. समोरच्या बिऱ्हाडातल्या फ्रेडलवहिनींचंच बघा. त्या ज्यू. त्यांच्या पेसाखच्या सणात आठ दिवस घरात पावाचा कण चालत नाही, की धान्याची दारू चालत नाही. आता चांगली व्हिस्की मोरीत ओतायला कोणाचा हात धजेल? म्हणून असलं सगळं एका कपाटात कोंबायचं, कुलूप लावायचं, आणि सणापुरतं ते कपाट मालासकट शेजारच्या परधर्मीय माणसाला रीतसर विकून टाकायचं. गेली अकरा वर्षं तो माणूस मी. कागद होतो, सही होते, आणि किल्ली माझ्या घड्याळाच्या साखळीला लागते. घड्याळ नाही, साखळी आहे.

तर यंदा ईस्टरच्या रविवारी मी चर्चमधून परत येतो, तो जिन्यात वहिनींचा नवरा झेलिग उभा. चेहरा पांढराफटक.

"कॉर्नी, फिंटनचं व्हायोलिन गेलं," तो म्हणाला.

फिंटन मलक्वीन आणि झेलिग वीस वर्षं एकत्र वाजवत. आम्हा आयरिश लोकांची लग्नं, त्यांची ज्यूंची लग्नं, जे मिळेल ते. शेवटी शेवटी अशी गत झाली होती की आमच्या नाचाच्या चालीत मध्येच त्यांच्या सिनेगॉगमधल्या प्रार्थनेचा हुंदका यायचा, आणि त्यांची नवरी रडायला बसली की तिचे पाय ठेका धरायचे. दोन वर्षांपूर्वी फिंटन गेला. जाताना त्याने व्हायोलिन झेलिगच्या हातात दिलं आणि म्हणाला, माझ्या पोरीच्या, ऊनाच्या लग्नात हेच वाजव. ऊनाचं लग्न उद्यावर आलेलं.

गुरुवार-शुक्रवार सणाचे, शनिवार शब्बाथचा, त्यांच्या विश्रांतीचा, म्हणून झेलिगने तीन दिवस वाद्याला हात लावला नव्हता. आज सूर जुळवायला खाटेखाली वाकला, तर पेटीसकट गायब.

"वहिनींना विचारलंस?"

"वेडा आहेस का? बुधवारी साफसफाई चालली होती तेव्हा तिने मलाच झाडूने जिन्यात काढलं. आणि फिंटनची वस्तू मी हरवली म्हटल्यावर ती बोलणार नाही, नुसती बघेल. मला ते सोसायचं नाही."

वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी तातडीने घटनास्थळ ताब्यात घेतलं. पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरली. सबंध घरात धुळीचा कण नाही, फटीत साधा पावाचा चुरा नाही. म्हणजे चोर सराईत. पुरावा पुसण्यासाठी त्याने फळ्यासुद्धा घासल्या होत्या. रोजची भांडी जागेवर नाहीत, म्हणजे तीही लांबवली. झेलिग काहीतरी सांगू बघत होता, पण मी त्याला गप्प केलं. गुन्ह्याच्या जागी फिर्यादीने बोलायचं नसतं.

खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर एक डबा सापडला. डब्यात राख, राखेत अर्धवट जळलेलं पीस, आणि चौकटीवर मेणाचे थेंब. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर मेणबत्ती घेऊन आला, आणि त्याच्या टोपीत पीस होतं.

"अरे, ते पीस आम्हीच—" झेलिगने पुन्हा तोंड उघडलं.

"चल," मी म्हणालो.

टोपीत पीस खोवणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, बॅगपाइप वाजवणारा मॅलाकी. उद्याच्या लग्नात तोही वाजवणार होता, म्हणजे हेतूही आयता मिळाला. आम्ही गेलो तेव्हा तो दारात दाढी करत बसला होता. टोपी खुंटीला, आणि टोपीतलं पीस धडधाकट. मी त्याला स्पष्टच विचारलं. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता झेलिगला म्हणाला, "ते व्हायोलिन नसेल तर मीही वाजवणार नाही. फिंटनच्या चाली आता तुझ्याच बोटांत आहेत, आणि तुझी बोटं त्या वाद्यावरच नीट चालतात."

मग राहिला लिपा, झेलिगच्याच धर्माचा खाटीक. व्हायोलिनच्या तारा आतड्याच्या, आतडी खाटकाकडे; याहून सरळ तर्क काय असणार? लग्नाच्या जेवणाचं मांस त्याच्याच पिंपात दहा दिवस मुरत होतं. समुद्रापलीकडे सोडून आलेल्या जुन्या देशात गोमांस आमच्यातल्या किती जणांनी पाहिलं होतं देव जाणे; खारवलेलं मांस आम्ही इथे लिपाच्या दुकानात खायला शिकलो, आणि आता आमचीच पोरं त्याला आयरिश पक्वान्न म्हणतात. मी खांद्यापर्यंत हात पिंपात घातला आणि तळ चाचपला.

लिपाने सुरी थांबवली नाही. "तळाचा तुकडा मलक्वीनबाईंचा," तो म्हणाला. "बाही तशीच ठेव. दहा दिवसांत मुरेल."

आता फिंटनच्या बायकोला, डीलियाला, सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात ऊना ओढणीला टाके घालत बसली होती. झेलिगने मान खाली घालून सगळं सांगितलं. माझ्या बाहीतून खारं पाणी ठिबकत होतं.

"बाबा नाहीत हे मी सोसलं," ऊना म्हणाली. "ते व्हायोलिन असेल, म्हणून सोसलं."

मी त्या मुलीला लहानपणापासून पाहिलंय. मला तोंड लपवावंसं वाटलं.

इतक्यात फ्रेडलवहिनी बटाट्यांचं पोतं घेऊन आत आल्या. त्यांना सणासाठी हवे, डीलियाला लग्नासाठी. बटाट्याच्या बाबतीत दोन्ही धर्मांचं कधीच भांडण नव्हतं. वहिनींनी आमचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते विचारलं. झेलिगने सांगितलं.

वहिनी बघत राहिल्या. झेलिग म्हणाला होता ते खरं होतं, ते बघणं सोसण्यासारखं नव्हतं.

"ती पेटी उघडून बघितलीत कधी?" त्या म्हणाल्या. "ही डीलिया दर खेपेला तिच्यात सोडा घातलेल्या पावाचा तुकडा ठेवते. आत अर्धी बेकरी साठली होती. सणाआधी मेणबत्तीच्या उजेडात पिसाने फटीफटीतला चुरा झाडून तो पिसासकट जाळणारी मी, असली पेटी सणात घरात ठेवीन? बुधवारीच रोजच्या भांड्यांबरोबर कपाटात टाकली."

"फिंटनला वाटेत भूक लागायची," डीलिया पुटपुटली. "मग झेलिगलाही लागत असेल म्हणून..."

"मग आणा की ते कपाटातून," ऊना म्हणाली.

"मी कशी आणू? कपाट माझं नाही."

सगळ्यांची नजर माझ्या साखळीवर आली. मीही खाली बघितलं.

मी गेलो, माझं कपाट माझ्या किल्लीने उघडलं. पुढेच व्हिस्कीची बाटली होती, तिच्यामागे पेटी. पेटी तिथेच ठेवून मी नुसतं व्हायोलिन डीलियाकडे आणलं. तिने ते उलटं धरून हलकेच हलवलं. भोकांतून चुरा पडला, आणि शेवटी एक मनुका, खड्यासारखा वाळलेला.

"मनुके फक्त फिंटनच्या पावात घालायचे मी," डीलिया म्हणाली. तिने तो मनुका उचलून एप्रनच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी झेलिग खिशात उकडलेले बटाटे घेऊन लग्नाला आला आणि त्याने फिंटनची चाल वाजवली. मधल्या हुंदक्याच्या जागी फिंटन नेहमी डोळा मिचकावायचा. तिथे झेलिगने ऊनाकडे बघून डोळा मिचकावला. ती रडली आणि रडता रडताच नाचायला उठली. व्हायोलिनचा कायदेशीर मालक म्हणून मी काहीही हरकत घेतली नाही.

सण संपल्यावर कपाट परत केलं. वहिनींनी बाटली उजेडात धरली. व्हिस्की चार बोटं कमी भरली. त्या चोरीचा तपास मी स्वतःकडे घेतला आहे, आणि अजून तरी काहीच धागादोरा लागलेला नाही.