रस्ता नसलेल्या देशाची मोजणी

आमच्या गल्लीतल्या भोयरकाकांनी उत्तर कोरियाची मोजणी केली आहे. नागपुरात बसून. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी आयुष्यभर लोकांचे बांध मोजले. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा शेजाऱ्यांशी सगळ्यात जास्त भांडणारा देश निवडला. बैठकीच्या भिंतीवर त्याचा हाताने काढलेला नकाशा आहे. खाली चतुःसीमा: उत्तरेस चीन व थोडा रशिया, दक्षिणेस तारेचं कुंपण, दोन्ही बाजूंस समुद्र, वहिवाटीचा रस्ता नाही.

"वावराले रस्ता नसला ना, का माणूस सगळ्यायच्या अंगावर जाते," काका म्हणतात. "याच्यापाशी काठीच्या जागी बॉम्ब आहे, एवढंच."

मी युद्धविरोधी पत्रकं लिहितो आणि चौकात वाटतो. अण्वस्त्र बाळगणारा प्रत्येक सत्ताधीश गुन्हेगार आहे, त्यात मोजायचं काय? हे मी काकांना तोंडावर विचारलं. त्यांनी माझं पत्रक घेतलं, लाल पेन काढला आणि ‘साऱ्या जगावर मृत्यूची छाया’ या ओळीपुढे लिहिलं: ‘किती अंतरावरून? मोजलं कोणी?’

"काका, माणसं मरतील तेव्हा अंतर मोजत बसाल का?"

"आधीच मोजून राहिलो ना गा. मंग बोंबलून काय फायदा?"

त्यांच्या वहीत दोन रकाने: ताकद आणि इरादा. क्षेपणास्त्राची बातमी आली की टीव्हीचा आवाज बंद करून ते नुसती चित्रं बघत आणि रकाने भरत. गल्लीतले लोक टोमणा मारत, "काका, आज येते का बॉम्ब?"

"आज नाही. कपडे वाळू घाला."

मग अश्विनीच्या नावाने एक पत्र आलं. अश्विनी काकांची एकुलती एक मुलगी. धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काकू गेल्यापासून घरात ही दोघंच. तिला सोलच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली. सोल म्हणजे दक्षिण कोरियाची राजधानी. कुंपणाच्या अलीकडे, पण कुंपणाला चिकटून. त्याच आठवड्यात पलीकडच्यांनी आणखी एक क्षेपणास्त्र समुद्रात टाकलं. रामटेकहून अश्विनीची आत्या धावत आली.

"दादा, तू नाही म्हण. तुह्या शब्दाबाहेर नाही ते."

अश्विनी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही मोजा. जाण्याजोगं नसलं तर मी नाही जात."

मला संताप आला. शिकल्यासवरल्या मुलीने आपला निर्णय बापाच्या पट्टीवर सोडायचा? आणि बाप काय लिहिणार हे तर उघडच होतं. एक शब्द लिहिला की म्हातारपणाची सोय. मी तिला बाहेर गाठून सांगितलं, "तुझे बाबा इथे न्यायाधीश नाहीत, पक्षकार आहेत."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तरी मोजू दे."

आठ दिवस काका मोजत होते. जेवणाचं ताटसुद्धा नकाशासमोर. रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला बसवलं आणि वही माझ्या हातात दिली. "तुहा आवाज मोठा आहे. वाच."

मी वाचलं: ‘कुंपणापासून सोल, नागपुरापासून रामटेकइतकं. शहर तोफांच्या टप्प्यात आहे. ताकद पुरेपूर. इरादा: धमक्या जुन्या आहेत, पण पहिला गोळा टाकला तर आपलंही घर उरणार नाही, हे त्याला कळतं. हातून चूक होऊ शकते. ती मोजता येत नाही. त्या शहरातली माणसं रोज कामावर जातात, लेकरं शाळेत जातात. निष्कर्ष: धोका आहे. जाण्यास हरकत नाही.’

आत्या ताडकन उठली. "डोकं फिरलं का तुह्यं? एकटा राहशीन का या घरात?"

"तो मुद्दा अर्जात नव्हता," काका म्हणाले.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी काही होतं. ते मात्र मला मोठ्याने वाचवेना. मी वही अश्विनीकडे सरकवली. ‘टीप: मोजणी करणाऱ्यास मुलगी घरीच हवी आहे. त्यामुळे त्याच्या सोयीच्या चार नोंदी खोडल्या आहेत.’

टिपेच्या वर चार ओळींवर लाल रेघ होती. रेघेखालची अक्षरं दिसत होती.

अश्विनी वहीवर वाकली.

"खोडलेलं वाचत नसते वं बाई," काका म्हणाले.

ती वाचतच राहिली.